डॉक्टर, फोटू लिहून द्या!

दवाखान्यात बावीस वर्षं बसलं की दोन गोष्टी साचतात. एक औषधांची रिकामी खोकी, आणि दुसरे किस्से. खोकी दर दिवाळीला भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही! ते आपल्याच घरात राहतात, आणि हळदी-कुंकवाला चार बायका जमल्या की एकामागून एक बाहेर पडतात.

मी कुरुंद्याची. शिकले दहावीपर्यंत. अक्षर बरं होतं म्हणून डॉक्टरांनी मला केसपेपर लिहायला ठेवलं. आमचा दवाखाना बसस्टँडच्या रस्त्याला, दोन खोल्यांचा. आत डॉक्टर, दारात माझं टेबल, आणि मधल्या पडद्यामागं सुई देणारे गफूरमामा कंपाउंडर. इतकाच आमचा स्टाफ!

मी कामाला लागले तेव्हा लोक सुई मागायचे. "गोळ्यानं काय व्हतं? सुई द्या." मग सलाइन मागायला लागले. मग वसमतला एक्स-रे आला, नांदेडला सोनोग्राफी आली, पाठोपाठ सीटी स्कॅन आला. आमच्याकडं त्या सगळ्याला एकच नाव, फोटू. पेशंट खुर्चीत टेकायच्या आधी म्हणायचा, "डॉक्टर, फोटू लिहून द्या!"

आणि फोटोच्या मागोमाग संशय आला. डॉक्टरांनी फोटो लिहून दिला की लोक म्हणायचे, "फोटूच्या सेंटरवाल्याकडून हिस्सा भेटत असंल." नाही लिहून दिला की म्हणायचे, "ह्याला रोगच कळंना." डॉक्टरांकडं ना बंगला होता, ना मशीन. होतं ते फक्त नाव. ते हिस्सा घेतात की नाही, या एका प्रश्नावर ते नाव टांगलेलं होतं. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसायचे. पण खरं सांगते, मलाही उत्तर माहीत नव्हतं.

०००

पहिला किस्सा सरूबाईचा. ती बांधावर घसरून पडली आणि मनगट सुजलं. डॉक्टरांनी दाबून बघितलं, वसमतला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सरूबाई फोटो घेऊन आली. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"मावशी, हाड शाबूत आहे. नुसता मुका मार आहे."

सरूबाईनं पदर सावरला आणि फोटोजवळ जाऊन बराच वेळ बघितलं.

"ह्यो माझा हात न्हाई."

"तुमचाच आहे. तुमचं नाव लिहिलंय खाली."

"नाव काय, कुणी बी लिहीन! माझ्या हातात डझनभर बांगड्या. ह्या हातात एक तरी हाय का? दुसऱ्याच बाईचा हात देऊन राहिले मला!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मावशी, फोटो काढायच्या आधी त्यांनी बांगड्या उतरवायला सांगितल्या ना?"

सरूबाईनं आपलं मनगट पुढं केलं. त्यावर हिरवंगार तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं.

"बांगड्या उतरवल्या. तुळस बी उतरवली का?"

०००

ग्रहणाच्या वर्षीची गोष्ट. सूर्याला मोठं ग्रहण लागणार होतं, आणि नुसत्या डोळ्यांनी बघू नका असं रेडिओवर सारखं सांगत होते. त्या आठवड्यात कुरुंद्यात अचानक छातीचे रोगी वाढले!

धडधाकट माणसं यायची, छातीवर हात ठेवायची. "डॉक्टर, हितं दुखून राहिलं. मोठा फोटू लिहून द्या."

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. दुसऱ्या दिवशी त्यांना शंका आली. हायस्कुलातले एक सर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, फोटोत काय बघायचंय? छाती का सूर्य?"

सर लाजले. "घरात लेकरं मागं लागलीत, साहेब."

डॉक्टर सगळ्यांवर ओरडले. एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघू नका, डोळे जातील, असं त्यांनी माझ्याकडून पाटीवर लिहून घेतलं आणि ती पाटी दारात लावली. फोटो लिहून देणं बंद!

त्यात मारोती आला. मारोती मेंढरं राखायचा. त्याचाही हात छातीवर. डॉक्टर म्हणाले, "ग्रहण झालं की ये." पण तो खोकला, आणि ती खोकल्याची ढास ऐकून डॉक्टरांचा चेहराच बदलला. "कधीपासून आहे रे हे?" महिना झाला होता. त्यांनी लगेच फोटो लिहून दिला.

मारोती परत आला ते ग्रहण होऊन दोन दिवसांनी. रिकाम्या हातानं.

"फोटो कुठंय?"

"सोयरे घेऊन गेले त्यायच्या गावाला, डोंगरकड्याला. ग्रहण बघायला."

"अरे, तुला क्षय असंल तर? मी फोटो बघितल्याशिवाय औषध कसं देऊ?"

मारोतीलाच राग आला. "आता काय करू, साहेब? अख्ख्या डोंगरकड्यानं माझी छाती बघितली. तुमीच राहिले!"

गफूरमामा सायकलवर जाऊन तो फोटो घेऊन आले. त्यावर लेकरांची बोटं उमटली होती, एका कोपऱ्याला चहा सांडलेला होता. पण छातीतला डाग स्पष्ट दिसला. मारोतीनं सहा महिने गोळ्या खाल्ल्या आणि बरा झाला. तो मात्र सांगत फिरायचा, "डॉक्टरला काय कळतंय? आमच्या सोयऱ्यायनं आधीच वळखलं व्हतं."

०००

एकदा दोन व्याही भांडत आले. लग्न ठरलेलं, साखरपुडा झालेला. मुलीच्या बापाला कोणीतरी कानात सांगितलं होतं की मुलाला लहानपणी फिट यायची.

"डॉक्टर, ह्या जावयाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटू लिहून द्या. आमाला काही लपवाछपवी नको."

मुलाचा बाप गरम झाला. "मग पोरीचा बी काढा! आमच्या कानावर बी काही येऊन राहिलं."

नवरा मुलगा बिचारा भिंतीला टेकून उभा. डॉक्टरांनी दोघांना बोलू दिलं. मग पेन उघडलं.

"लिहून देतो. पण आधी दोन फोटो डोक्याचे. एक तुमचा, एक यांचा. ते नॉर्मल आले तर पोरांचे काढू!"

लग्न झालं. त्यांना दोन लेकरं आहेत आता.

०००

हट्टा गावाहून एक बाई सुनेला घेऊन आली, तो दिवस मी विसरले नाही. सून विशीतली, डोळे खाली.

"तिसरा महिना हाय," सासू म्हणाली. "पोटात लई दुखतं. सोनोग्राफी लिहून द्या."

डॉक्टरांनी विचारलं, "कितवं?"

"तिसरं."

"आधीची दोन?"

सून हळूच म्हणाली, "पोरी हायत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दुखतं कुठं?"

सासूनं बेंबीच्या खाली बोट दाखवलं. त्याच वेळी सुनेनं आपल्या बरगडीवर हात ठेवला. दोघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि सुनेनं हात घाईनं खाली सरकवला!

"ताई, हिला तुमच्याजवळ बसवा," डॉक्टर मला म्हणाले. मग सासूला म्हणाले, "आई, ज्याचं दुखतं त्याला जागा माहीत असते. हिला लागेल ती तपासणी मी सांगीन तेव्हा सरकारी दवाखान्यात होईल. मी स्वतः पाठवीन. बाकी चिठ्ठी मिळणार नाही."

सासू दारातून मोठ्यानं बोलत गेली. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. "ह्याला सरकारी दवाखान्यातून जास्त भेटत असंल! म्हणून आपल्याला न्हाई म्हणून राहिला."

मी सुनेला पाणी दिलं. तिचा हात इतका गार होता की मी तो माझ्या दोन्ही हातांत धरून बसले. पुढं प्रत्येक महिन्याला डॉक्टर मला विचारायचे, "हट्ट्याची ती मुलगी आली का?" ती यायची. मग आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडायचा.

तिला तिसरीही मुलगी झाली.

वर्षाच्या आत सासू पुन्हा आमच्या दारात! कडेवर ती नात, अंगात तीन-तीन स्वेटर. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "साधी सर्दी आहे. फोटोची गरज नाही."

सासू उठेना. तिनं डॉक्टरांकडं रोखून बघितलं.

"काहून? पोरगी हाय म्हणून फोटू लिहून देईना का?"

०००

आता बापूराव. निवृत्त ग्रामसेवक. त्यांना आयुष्यभर लोकांचे दाखले तपासायची सवय. ते गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून बघायचे, आणि सुई देताना गफूरमामांना म्हणायचे, "पाणी तर न्हाई ना भरलं?"

गफूरमामा म्हणायचे, "दादा, पाणी असतं तर तुमी एवढे वरडले नसते!"

बापूरावांचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय. बापूराव म्हणाले, स्कॅन पाहिजे. महिनाभर रोज येऊन बसायचे. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले आणि चिठ्ठी दिली. बापूराव नांदेडला गेले, स्कॅन काढून आले.

"नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. "चष्मा बदला."

"नॉर्मल म्हंजे त्यायला सापडलं न्हाई," बापूराव म्हणाले. "न्हाई म्हणायला एक गोष्ट मला सापडली."

ती काय, ते दवाखान्यात बोलले नाहीत. स्टँडवरच्या हॉटेलात बोलले. त्यांनी ओळखीच्या दोघांकडून आमच्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या मागून आणल्या आणि चहाच्या टेबलावर आपल्या चिठ्ठीशेजारी मांडल्या. तिन्ही चिठ्ठ्यांच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या अंगाला, निळ्या शाईचा एक बारीक गोल!

"वसमतच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोल न्हाई. हिंगोलीच्या बी न्हाई. ह्याच्याच चिठ्ठीवर हाय. काहून?"

मग उत्तर बापूरावांनीच दिलं. "हिशोबाची खूण हाय ती! ह्या गोलावरून ह्याचा हिस्सा ठरतो."

आठवड्याभरात गावानं उपाय शोधला. चिठ्ठी घेतली की पेशंट आमच्या पायऱ्या उतरायचा, थोडं पुढं जाऊन पाठमोरा व्हायचा, आणि कोपरा घडी घालून टर्रकन फाडायचा. मग चिठ्ठी खिशात घालून ताठ मानेनं स्टँडकडं! म्हातारी माणसंसुद्धा नातवाला सांगायची, "कोपरा फाडला का? मग चाल."

आमच्या दारापुढं कागदाचे तिकोनी तुकडे पडायला लागले. गफूरमामा ते डॉक्टर बाहेर यायच्या आत झाडून घ्यायचे.

"पानगळ सुरू झाली, ताई," ते मला म्हणायचे.

०००

हा किस्सा छोटा आहे, पण मला टोचतो.

एके दिवशी रांग संपली होती. मी धीर करून विचारलं, "साहेब, चिठ्ठीवर तो गोल कशाचा?"

डॉक्टर हात धूत होते. "सवय आहे," म्हणाले, आणि टॉवेल घेऊन आत गेले.

एवढं तोडून ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. सर्दीचं कारण विचारलं तरी दहा मिनिटं समजावून सांगणारा माणूस! माझ्या मनात जो खडा होता, तो त्या दिवशी मोठा झाला.

मी पडद्यामागं गेले. "मामा, तुम्हाला काय वाटतं?"

गफूरमामा सुया उकळत होते. "ताई, तुमी साहेबांवर शक करून राहिल्या?"

"तुम्हाला येत नाही का संशय?"

त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. "सकाळपासून एवढे लोक. त्यायचे ढुंगण बघता बघता टाइम कुठं भेटतो शक करायला?"

मी हसले. पण घरी जाताना हसू टिकलं नाही. मामा काहीही म्हणोत, रांग कमी झाली होती. डॉक्टरांचा मुलगा त्यांना पुण्याला बोलवत होता, आणि हल्ली ते "नाही" म्हणायच्या ऐवजी "बघू" म्हणायला लागले होते.

०००

आणि मग माझ्यावरच वेळ आली.

आमचे हे हळदीच्या आडतीवर कामाला. एका सकाळी उजव्या कुशीत कळ आली आणि ते पोत्यावरच बसले. मी त्यांना दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "पित्ताशयात खडा वाटतो, ताई. नांदेडला सोनोग्राफी करून घ्या."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. सही केली. मग माझ्यासमोर, वरच्या कोपऱ्यात तो गोल काढला. मी गोलाकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

एसटीत चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मला वाटत होतं, असं पाप मनात आणू नये. ज्या माणसानं माझ्या दोन्ही बाळंतपणांत रजा दिली, माझ्या आईला शेवटपर्यंत घरी येऊन बघितलं, त्याच्यावर संशय? आणि लगेच वाटायचं, मग सांगत का नाहीत? सरळ माणसाला लपवायला काय लागतं?

सेंटर पहिल्या मजल्यावर होतं. जिन्यात मी थांबले. हे दोन पायऱ्या वर, कुशीवर हात दाबून.

"काय करून राहिलीस?"

"काही नाही. तुम्ही चला."

मी पाठमोरी झाले. कोपरा घडी घातला आणि फाडला. आवाज केवढा मोठा आला! तुकडा तिथंच पायरीवर टाकला आणि वर गेले.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं चिठ्ठी हातात घेतली आणि न वाचता विचारलं, "कुरुंदा?"

"हो. कसं ओळखलं?"

तिनं मान वळवून आतल्या खोलीत आवाज दिला. "आणखी एक कुरुंदा!" आत कोणीतरी खळखळून हसलं.

माझे कान तापले. "काय झालं, बाई?"

तिनं आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "काकू, तुमच्या गावाला हा कोपरा फाडायला कोण सांगतं हो? इथं प्रत्येक डॉक्टरचा हिस्सा ठरलेला असतो. तुमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझा हिस्सा मला नको, तेवढे पेशंटच्या बिलातून कमी करा. उघड लिहिलं तर बाकीचे डॉक्टर नाराज होतात, म्हणून गोलाची खूण ठरली. गोल असला की मी कमी करते. पण वर्षभर झालं, एकाही चिठ्ठीवर गोल नाही! मालक गोल बघितल्याशिवाय मला पैसे कमी करू देत नाहीत."

"थांबा, बाई. एक मिनिट."

मी जिन्याकडं धावले. झाडणारी बाई बादली घेऊन खाली चालली होती. पायऱ्या पुसून लख्ख झाल्या होत्या.

वर आले तेव्हा हे बाकावर बसले होते. "काय हरवलं?"

मी पर्स उघडून पैसे मोजायला लागले.

सोनोग्राफी झाली. खडाच निघाला. त्या मुलीनं रिपोर्ट पाकिटात घातला आणि पद्धतीप्रमाणं चिठ्ठी पाकिटाच्या मागं पिन करून दिली. बाकीचे लोक ती चिठ्ठी काढूनच रिपोर्ट डॉक्टरांकडं आणायचे. परत येताना एसटीत ती पिन काढावी असं मलाही दहा वेळा वाटलं. काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाकीट डॉक्टरांसमोर ठेवलं आणि माझ्या टेबलावर येऊन केसपेपर सारखे करत बसले. ते आधीच सारखे होते. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "खडा आहे, पण घाबरू नका. सरकारी दवाखान्यात माझ्या ओळखीचे सर्जन आहेत, मी बोलतो." मग त्यांनी पाकीट उलटं केलं.

मी मान वर केली. चिठ्ठीच्या फाटलेल्या कडेवरून त्यांचा अंगठा हळूहळू फिरत होता.

बाहेर गफूरमामांनी पहिला नंबर पुकारला. डॉक्टरांनी पाकीट बाजूला ठेवलं, चिठ्ठ्यांचं पॅड पुढं ओढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"ताई, हा गोल आता कागदाच्या मधोमध काढत जाऊ का?"